घाटरस्त्याचे गद्य आणि पायवाटेचे गद्य

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना लेखक कोठे गेला, त्याने काय पाहिले आणि ते किती रसाळपणे सांगितले, एवढ्याच गोष्टी आपण सामान्यतः विचारात घेतो. तो कसा गेला, हा प्रश्न आपण विचारीत नाही. पायी गेला की गाडीने, बरोबर वाटाड्या होता की नुसता नकाशा, वाटेत मुक्काम केला की संध्याकाळच्या आत घरी परतला, या साऱ्या गोष्टी वाङ्मयबाह्य आहेत अशी आपली समजूत असते. निदान डोंगराच्या बाबतीत ही समजूत बरोबर नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. डोंगराविषयीचे गद्य ज्या वाटेने डोंगरात शिरते त्या वाटेचे वळण घेते. गेल्या काही दशकांत हे मराठी गद्य फार मोठ्या प्रमाणात घाटरस्त्याचे झाले आहे आणि पायवाटेचे गद्य मागे पडत चालले आहे, अशी माझी तक्रार आहे. या तक्रारीत फिर्यादी मी असलो, तरी आरोपींच्या यादीतही माझे नाव आहे. ते कसे, हे शेवटी सांगेन.

विवेचनाला आधार म्हणून बेळगावाच्या पश्चिमेचा सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवतो, कारण तो मला थोडाफार परिचित आहे. येथे आंबोलीचा घाट सावंतवाडीकडे उतरतो. जांबोटी आणि कणकुंबीवरून जाणारा चोर्ल्याचा घाट गोव्यात साखळीकडे उतरतो. रस्त्यांच्या दोन्ही अंगांस राखीव अरण्ये आहेत : खानापूर तालुक्यात २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य, सत्तरीत १९९९ सालचे म्हादई अभयारण्य आणि त्याच्या दक्षिणेस मोले येथील राष्ट्रीय उद्यान. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाते. त्याच खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेकडे समुद्राला मिळते. मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा जेथे एकाच बाजारात ऐकू येतात, असा हा मुलूख आहे. पर्यटकाला जे जे हवे असते ते सारे, म्हणजे वळणाचा रस्ता, रानातील वाट, धबधबा आणि धुके, येथे आहे. आणि म्हणूनच लेखकाची परीक्षाही येथे होते.

१

प्रथम ‘घाट’ हा शब्दच पाहावा. मराठीत घाट म्हणजे मूळचा डोंगर नव्हे, तर डोंगर ओलांडण्याची वाट. डोंगराचे नाव सह्याद्री. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीयांना देशावर जाण्यासाठी घाट चढावे लागले आणि वाटेचे नाव त्यांनी साऱ्या पर्वतरांगेला देऊन टाकले. तेच नाव उलट फिरून ‘पश्चिम घाट’ म्हणून आपल्या क्रमिक पुस्तकांत आले. २०१२ साली युनेस्कोने या रांगेतील ३९ स्थळांच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही याच नावाने. परकीयांच्या या गैरसमजात एक सत्य मात्र नकळत सांगितले गेले आहे. आपल्या लोकांना हा डोंगर प्रथम कळला तो वाट म्हणूनच. जुन्नरच्या बाजूने कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख कोरलेले आहेत आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. सह्याद्रीवरील अत्यंत जुन्या लेखनापैकी हे एक लेखन, आणि ते कोरले गेले आहे ते एका वाटेवर, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

वाटेवरून डोंगर ओळखणाऱ्यांनी नावेही वाटेच्या सोयीने ठेवली. आज ज्याला आपण आंबोलीचा घाट म्हणतो त्याला पारपोली घाट असेही म्हणत. पारपोली हे पायथ्याचे गाव आणि आंबोली हे माथ्याचे. खालून ओझे घेऊन चढणाऱ्याला पायथ्याचे गाव महत्त्वाचे, कारण तेथून त्याची चढण सुरू होते. वर येऊन थंड हवेत थांबणाऱ्याला माथ्याचे गाव महत्त्वाचे, कारण तेथे त्याचा प्रवास संपतो. दोन नावांपैकी एक मागे पडले आणि दुसरे सर्वतोमुखी झाले, यात वाटसरू बदलल्याचा सारा इतिहास आला.

डोंगराचे अवयव सांगणारे शब्दही चालणाऱ्यांनीच घडविले आहेत. सोंड म्हणजे मुख्य रांगेपासून खाली उतरत आलेला दांडा. पदर म्हणजे अर्ध्या उंचीवरची सपाटी, जेथे चढणारा दम घेतो. नाळ म्हणजे दोन कड्यांमधील अरुंद, उभा उतार. निसणी म्हणजे शिडीसारखी वाट. कोंड म्हणजे नदीतील खोल डोह. कुमरी म्हणजे रान तोडून, जाळून, दोनचार वर्षे केलेली आणि मग सोडून दिलेली शेती. ढोरवाट आणि गाडीवाट यांचे अर्थ सांगावे लागत नाहीत. यांतील एकही शब्द ‘सुंदर’ या अर्थाचा नाही. प्रत्येक शब्द पाय कोठे ठेवावा, कोठे ठेवू नये, पाणी कोठे मिळेल, गुरे कोठपर्यंत जातील, हे सांगतो. शब्द हेच येथे ज्ञान आहे, आणि ज्या गद्यात हे शब्द नाहीत त्या गद्यात ते ज्ञानही असू शकत नाही.

२

पायी चालणाऱ्यांच्या गद्याची मराठीतील परंपरा क्षुल्लक नाही. महानुभावांचे गद्य हे एका अखंड चालणाऱ्या पुरुषाच्या पावलांमागून जन्मले आहे. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी सिद्ध केलेल्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांचा जेथे जेथे संचार झाला त्या स्थळांची नोंद आहे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, ही तिची जिज्ञासा आहे. भक्ताला पुढे त्या जागी जाऊन उभे राहायचे आहे, म्हणून दिशा चुकून चालत नाही. वर्णनापेक्षा निर्देश महत्त्वाचा मानणारे हे गद्य आहे. आजचा वाचक त्याला रूक्ष म्हणेल. परंतु श्रद्धेचा केवढा मोठा ओलावा त्या रूक्षतेमागे आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे दुसरे उदाहरण. वरसईचा हा भिक्षुक निसर्ग पाहण्यासाठी निघालेला नव्हता. घरावर कर्ज होते, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली होती आणि दक्षिणा मिळेल या आशेने तो १८५७ साली उत्तरेची वाट चालू लागला. पुढे जे त्याच्या नशिबी आले ते सर्वश्रुत आहे. १८८३ साली लिहिलेला हा वृत्तांत चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यातील प्रदेश आपल्याला खरे वाटतात ते वर्णनाच्या थाटामुळे नव्हे. चालणाऱ्याला मुक्काम लागतो, मुक्कामाला पाणी आणि ओळख लागते, आणि या गरजांमधून प्रदेश उलगडत जातो, म्हणून ते खरे वाटतात.

काका कालेलकरांचे उदाहरण आमच्या गावाशी जवळचे आहे. त्यांचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे. बेळगावात ते गणेश विद्यालयाचे मुख्याध्यापक होते आणि नंतर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. १९१२ साली ते विद्यालय बंद पडल्यावर ते हिमालयात पायी हिंडले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले, ही मराठीची हानी आणि गुजरातीचा लाभ. भाषा कोणतीही असो, डोंगर चालून पाहिला म्हणजे लेखणीला एक संथ लय लाभते, याचा तो पुरावा आहे. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ हा लेखही येथेच आठवावा. तेथे डोंगर नाही, पंढरीची वाट आहे. परंतु माणसांबरोबर पायी चालल्यानेच माणसांमधली अंतरे कशी दिसू लागतात, हे त्या लेखाइतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी आले असेल.

गो. नी. दांडेकरांचे नाव या संदर्भात कोणीही घेईल, आणि ते घेतलेच पाहिजे. १९५८ सालच्या ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर येऊन राहिलेला म्हातारा आहे. ‘माची’ हा शब्द तेथे स्थलवाचक राहिलेला नाही, तर एका जीवनपद्धतीचे नाव झाला आहे. त्यांच्या दुर्गवर्णनांविषयी मात्र एक नम्र मतभेद नोंदवावासा वाटतो. तेथे इतिहासाचा आवेश इतका प्रबळ होतो की, डोंगर हा पुष्कळदा रंगमंच होतो आणि पात्रे तीनशे वर्षांपूर्वीची असतात. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी तो आवेश तेवढा उचलला. गोनीदांचे चालणे उचलले नाही.

३

आता घाटरस्त्याकडे वळू. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून सह्याद्री हळूहळू चाकांखाली आला. त्याच सुमारास महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण झाले आणि तेथे एका नव्या प्रकारच्या जागा निर्माण झाल्या. आर्थर, विल्सन, एल्फिन्स्टन, लॉडविक अशा साहेबांच्या नावांनी त्या ओळखल्या जाऊ लागल्या आणि बहुतेकांच्या शेपटीला ‘पॉईंट’ हा शब्द जोडला गेला. या ठिकाणी जायचे, उभे राहायचे, पाहायचे आणि परतायचे. खाली दिसणाऱ्या दरीत उतरायचे नाही. पॉईंट म्हणजे वाटेचा शेवट; खिंड म्हणजे वाटेचा मध्य. खिंडीत उभा राहिलेला मनुष्य दोन प्रदेशांच्या मध्ये असतो, तर पॉईंटवर उभा राहिलेला मनुष्य प्रदेशाच्या बाहेर असतो.

साहेब गेले, पॉईंट मात्र राहिले आणि वाढले. आंबोलीला कावळेसाद आहे, महादेवगड आहे. आज दोहोंनाही पॉईंटच म्हणतात. कावळेसाद या नावात ‘साद’ ऐकू येते. पुढे पॉईंट लागला की कान मिटतो आणि डोळा तेवढा उघडा राहतो. घाटरस्त्याच्या गद्याचे मर्म मला येथे सापडते. ते केवळ डोळ्याचे गद्य आहे. त्यात वास नाही, धाप नाही, जळवा नाहीत, भूक नाही आणि माणसे तर नाहीतच. असलीच तर भजी आणि चहा देण्यापुरती आहेत.

या गद्याची परीक्षा करण्यास एक सोपी कसोटी आहे. वर्णनातील ठिकाणाचे नाव काढून त्या जागी दुसरे घालून पाहावे. ‘निसर्गाने येथे सौंदर्याची मुक्तहस्ताने उधळण केली आहे’, ‘हिरवा शालू नेसलेली वनश्री’, ‘फेसाळत कोसळणारे शुभ्र धबधबे’, ‘नागमोडी वळणे’ : ही वाक्ये आंबोलीला लागू पडतात तशीच माथेरानला आणि मनालीलाही लागू पडतात. जे वाक्य कोठेही बसते ते कोठलेच नसते. या उलट, आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. हिरण्यकेशीचा उगम तेथल्या एका गुहेतून होतो. त्या उगमाच्या पाण्यातील एका चिमुकल्या माशाची जात २०२० साली नव्याने ओळखली गेली, तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली, एवढे साधे कथन केले तरी वाक्याला पाय फुटतात. ते मग महाबळेश्वरला नेता येत नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हा दोष वाहनाचा नसून लेखकाचा आहे. तो मला काही अंशी मान्य आहे. चोर्ल्याच्या घाटातून वर्षानुवर्षे बस नेणारा चालक त्या रस्त्याविषयी जे जाणतो ते आठवड्याच्या शेवटी येणाऱ्या गिर्यारोहकाला ठाऊक नसते. धुके कोणत्या वळणावर साचते, कोणत्या कड्याची माती पावसात सुटते, कोणत्या मोरीखालचे पाणी रस्त्यावर येते, हे तो सांगू शकतो. त्याने लिहिले तर ते घाटरस्त्याचे गद्य या तुच्छतादर्शक अर्थाने होणार नाही. उलट, केवळ पायी चालल्याने कोणी पायवाटेचा लेखक होतो असेही नाही. अलीकडची कित्येक पदभ्रमणवृत्ते म्हणजे उंची, तास, श्रेणी आणि गाडी लावण्याची जागा यांचे वेळापत्रक असते. तेथे पाय चालतात, पण नजर घड्याळावर असते. तेव्हा भेद पाय आणि चाक असा नसून, ज्याचे तेथे येणेजाणे आहे आणि ज्याचे तेथे केवळ पाहणे आहे, यांच्यातील आहे. मी पायवाट म्हणतो ती या येणेजाण्याची खूण म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पायवाटेचे गोडवे गाणे हे ज्याला तिच्यावरून रोज जावे लागत नाही त्यालाच सुचते. भीमगडाच्या रानात गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव अशा वस्त्या आहेत. पावसाळ्यात तेथल्या आजाऱ्याला खांद्यावरून वाहून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या घरातील बाईला ‘नाळ’ आणि ‘पदर’ या शब्दांचे सौंदर्य सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तिला रस्ता हवा आहे, आणि तो तिचा हक्क आहे. माझे म्हणणे इतकेच की, रस्ता झाल्यावरही तिचे शब्द टिकावेत. आणि ते टिकविण्याचे काम तिचे नव्हे, आपले आहे.

४

राखीव अरण्यांचा प्रश्न याच सूत्रात येतो. अभयारण्य ही वाङ्मयाच्या दृष्टीने एक नवी जागा आहे. तिला कमान आहे, तिकीट आहे, वेळ आहे आणि ठरवून दिलेली वाट आहे. मोल्याच्या रानात कुळ्याहून दूधसागराकडे पर्यटकांना जीपगाड्यांतून नेतात. ३१० मीटरांवरून पडणारे ते पाणी पाहून तासाभराने परत फिरायचे. ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणत नाही. मनुष्याचा पाय जेथे पडत नाही तेथेच आज रान उरते, हे कटू सत्य आपण स्वीकारले पाहिजे. त्याच रानाच्या कडेला तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे जुने देऊळ आहे. एवढ्या आडरानात दगडाचे इतके रेखीव काम पाहून पर्यटक विस्मित होतो. परंतु ज्या अर्थी देऊळ येथे उभे राहिले त्या अर्थी येथून कधी काळी माणसांची वाट जात असली पाहिजे, हा विचार गाडीत बसलेल्याला सुचणे कठीण. तो चालणाऱ्याला सुचतो, कारण आपण चालतो आहोत ती वाट कोणी पाडली, हे कुतूहल त्याच्या तळपायातच असते.

असे असूनही अभयारण्याने मराठीला उत्तम गद्य दिले आहे, हे नमूद करणे अगत्याचे आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले. ‘राहणे’ हे क्रियापद येथे महत्त्वाचे. त्यांच्या पुस्तकाला जो जिवंतपणा आला आहे तो प्राणी किती दिसले यावर अवलंबून नाही. न दिसलेल्या प्राण्यांची वाट पाहण्यात जो काळ गेला तोच त्या गद्याचा विषय झाला आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. तिकडचे आदिवासी आणि रानातील जुने जाणते लोक हेच आपले शिक्षक, असे मानून त्यांनी शब्द वेचले आणि जेथे शब्द नव्हते तेथे घडविले. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटले, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. २०२५ साली ते निवर्तले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना अरण्यऋषी म्हणून आदरांजली वाहिली. मला वाटते, त्यांना कोशकार म्हणणे अधिक उचित झाले असते. रान आणि भाषा या दोहोंचे अभयारण्य एका माणसाने एकट्याने राखले.

परंतु हे अपवाद झाले. सामान्यतः काय घडते? अरण्यात वस्ती असते तोवर प्रत्येक ओढ्याला, खडकाला, वळणाला नाव असते. वस्ती बाहेर हलविली जाते. भीमगडाच्या परिसरातही हा विचार चालू आहे. लोकांना बाहेर घर मिळते, शाळा आणि दवाखाना जवळ येतो, वाघाला मोकळे रान मिळते. यात सर्वांचेच हित असेल. फक्त ती नावे कोणाच्याच सामानात नसतात. नव्या जागी त्यांचा उपयोग नसतो, आणि जुन्या जागी ती उच्चारणारे कोणी नसते. पुढे तेथे पर्यटकांसाठी फलक लागतात, त्यांवर ‘निसर्गवाट क्रमांक एक’ असे लिहिले जाते. क्रमांक हा नावाचा मृत्युलेख आहे.

५

आता माझ्या आरोपीपणाविषयी. पंधरासोळा वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला गेली होती. परतल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध मी नेहमीप्रमाणे लिहावयास दिला. वर्गातील जवळजवळ प्रत्येक निबंधात निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली होती आणि वनश्रीने हिरवा शालू नेसला होता. मुलांना तसे दिसले नव्हते. फेब्रुवारीचा महिना होता, गवत वाळलेले होते. परंतु वर्षानुवर्षे नमुन्याचे निबंध फळ्यावर उतरवून देणारा मीच होतो, आणि त्या शालूची घडी माझ्याच कपाटातून निघाली होती. मी सगळ्यांना चांगले गुण दिले.

एका मुलाला मात्र दिले नाहीत. तो कणकुंबीकडच्या एका वाडीतून शिकायला आलेला होता आणि त्याचा निबंध जेमतेम आठ ओळींचा होता. बस वाटेत थांबली तेव्हा आम्ही सड्यावर बसून भाकरी खाल्ली, असे त्याने लिहिले होते. मी ‘सड्यावर’ या शब्दाखाली तांबडी रेघ मारली आणि समासात लिहिले : सडा अंगणात घालतात, सड्यावर बसत नाहीत. वर्गात ते वाचूनही दाखविले. मुले हसली. तो हसला नाही आणि काही बोललाही नाही.

पुढच्या वर्षी काही निमित्ताने मी कणकुंबीला माउलीच्या देवळाशी उतरलो आणि तेथून एका वृद्ध गवळी धनगराबरोबर थोडा चाललो. काळ्या, जांभ्या दगडाच्या एका विस्तीर्ण सपाटीवर आम्ही पोहोचलो. मी सहज विचारले, ‘बाबा, ह्या पठाराला काय म्हणता तुम्ही?’

‘पठार कुठलं मास्तर, सडा हा,’ ते म्हणाले.

पलीकडच्या उताराकडे बोट करून मी पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाले, ‘ती नाळ. ढोरं उतरत नाहीत तिनं, माणूस उतरतो.’

मी कला शाखेचा पदवीधर, मराठीचा शिक्षक. आणि जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याला सडा म्हणतात हे मला माहीत नव्हते. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, मला माहीत नाही अशी शंकाही तांबडी रेघ मारताना आली नव्हती. त्या अख्ख्या वर्गात डोंगराविषयी खरे मराठी वाक्य एकाच मुलाने लिहिले होते, आणि मी तेच चूक ठरविले. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. मी त्याची क्षमा मागितली का, असे कोणी विचारील. शोधून काढून मागितली. तो म्हणाला, ‘मला आठवत नाही, सर.’ त्याला आठवत होते, असे मला वाटते.

हा प्रसंग खाजगी आहे, आणि समीक्षालेखात तो आणणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्या प्रवासवर्णनांची भाषा निर्जीव का झाली याची कारणे आपण लेखकांच्या प्रतिभेत शोधतो. ती पुष्कळदा पाचवी-सहावीच्या वहीच्या समासात सापडतील. लेखक होण्यापूर्वी प्रत्येक जण विद्यार्थी असतो, आणि आपले शब्द चुकीचे आहेत हे त्याला आपणच शिकवितो. सीमेवरच्या आम्हा मराठी शिक्षकांची तर यात विशेष जबाबदारी आहे. प्रमाणभाषा शुद्ध राखण्याच्या काळजीने आम्ही गावच्या मराठीवर अधिकच पहारा ठेवतो. शेजारच्या कोंकणी-कन्नडाशी मिळतेजुळते काही दिसले की आमची लेखणी तांबडी होते. मराठी टिकविण्याच्या या धडपडीत आपण तिचेच शब्द हद्दपार करतो, याचे भान सुटते.

उपाय फार मोठे नाहीत. सहलीच्या निबंधात ठिकाणाचे नाव बदलले तर वाक्य तसेच उभे राहते का, ही कसोटी मुलांनाच शिकवावी. ती त्यांना खेळासारखी आवडते, हा माझा अनुभव आहे. सहलीत एक दुपार तरी गाडी सोडून कोणा जाणत्या माणसाबरोबर पायी चालावे, आणि त्याने उच्चारलेल्या नावांची यादी हाच त्या दिवशीचा निबंध समजावा. आपल्या साहित्यसंस्थांनी आपापल्या मुलखातील अशा याद्या एकत्र कराव्यात. सातपुडा आणि विंध्य जवळ असणाऱ्या माळव्यातील मराठी मंडळींना त्यांचे शब्द असतील, सत्तरीच्या शिक्षकांना त्यांचे. भीमगडाच्या वस्त्यांतील नावे तर या दोन-चार वर्षांत लिहून घेतली पाहिजेत. त्यानंतर लिहून घ्यायला कोणी सापडेल याची शाश्वती नाही.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला १९५६ साली जे यश लाभले ते आठवते. त्यात प्रवास असा नाहीच. बारा महिने आहेत, झाडे आहेत आणि त्यांची नावे आहेत. नाव ठाऊक असलेल्या झाडाकडे माणूस दुसऱ्यांदा पाहतो, आणि चांगले गद्य दुसऱ्यांदा पाहण्यातूनच निर्माण होते. घाटरस्ता आपल्याला सारे एकदाच दाखवितो. तो दाखवितो त्याबद्दल त्याचे ऋण मानावे, परंतु वर पोहोचल्यावर गाडीतून उतरावे आणि जवळ जो कोणी गुरे राखीत असेल त्याला विचारावे, की या जागेला काय म्हणतात. तो जे सांगेल त्याखाली तांबडी रेघ मारू नये.